शेततळ्यातले मासे पहाटेच का मरतात? दरवर्षी येणाऱ्या अडचणीचा छडा

तुम्ही आत्ता तळ्याच्या काठावर उभे असाल आणि मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसत असतील, तर आधी मोटर चालू करा. तळ्यातलंच पाणी उचला आणि तळ्यातच उंचावरून, फुटून पडेल असं सोडा. तुषार सिंचनाचे नोझल असतील तर उत्तम, नसतील तर पाइपाच्या तोंडाला बुडाला भोकं पाडलेली बादली बांधा. फूट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या टोकाची झडप, तळाशी ठेवू नका. रिकाम्या कॅनला बांधून तो वरच्या पाण्यात, फूटभर खाली लटकता ठेवा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी सोडणार असाल तर तेही असंच फोडून सोडा, कारण जमिनीखालच्या पाण्यात मुळातच ऑक्सिजन कमी असतो. खाद्य, शेण, खत, औषध, काहीही टाकू नका. ऊन चांगलं पडेपर्यंत, म्हणजे नऊ-साडेनऊपर्यंत, मोटर बंद करू नका. आणि एकट्याने उतारावर जाऊ नका. अस्तरीकरणाचा प्लॅस्टिकचा कागद दवाने निसरडा झालेला असतो, पाय गेला तर वर यायला धरायला काही नसतं. वर कुणीतरी उभं हवं आणि कमरेला दोर हवा. ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नका.

एवढं झालं की बाकीचं वाचा.

आमच्या तळ्यात हे दोनदा झालं. दोन्ही वेळा रात्री सगळं ठीक होतं आणि सकाळी सहा वाजता पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती. पहिल्या वेळी घरात पहिला शब्द निघाला तो ‘विष’. बांधाला बांध लागून असलेल्या एका शेजाऱ्याशी आमचा पाटाच्या पाण्यावरून जुना वाद होता. संशय तिथेच गेला आणि चार महिने बोलणं बंद राहिलं. त्या माणसाचा काडीचाही दोष नव्हता. तळ्यातला ऑक्सिजन संपला होता, दुसरं काही झालं नव्हतं. गावोगाव असंच होतं, म्हणून सविस्तर लिहितोय. मेलेल्या माशांचं नुकसान पुढच्या हंगामात भरून निघतं, पण तुटलेलं माणूस परत जोडायला फार वेळ लागतो.

कोण मेलं, कोण जगलं

संशय घेण्याआधी काठावर दहा मिनिटं बसा आणि नुसतं बघा. तळ्यातला प्रत्येक जीव हवा वेगळ्या ठिकाणाहून घेतो, त्यामुळे कोण मेलं यावरून कारण बरंचसं कळतं.

कटला, रोहू, मृगळ हे फक्त पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर जगतात. तोंडाने पाणी आत घ्यायचं आणि कल्ल्यांवरून बाहेर सोडायचं, हा त्यांचा श्वास. कल्ल्यांच्या पातळ पाकळ्यांतून रक्त पाण्याच्या उलट दिशेने वाहतं, त्यामुळे पाण्यातला बहुतेक ऑक्सिजन ते ओढून घेऊ शकतात. पण पाण्यात मुळात असतो किती? एक लिटर हवेत साधारण पावणेतीनशे मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, आणि 30 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात स्वतःहून विरघळून राहतो तो जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. पाण्यातला संसार असा काटकसरीचा. हे प्रमाण 5 मिलिग्रॅमच्या वर असलं तर मासा खातो, वाढतो. 3 च्या खाली गेलं की खाणं सोडतो, सुस्त होतो. 1 च्या आसपास तो वर येतो, कारण हवेला चिकटलेला पाण्याचा अगदी वरचा पापुद्रा तेवढा थोडा बरा असतो. मासे वर आलेत ते हवा खायला आले नाहीत, तो पापुद्रा कल्ल्यांवरून नेण्याची त्यांची धडपड चाललेली असते.

मरळ आणि मांगूर मात्र कल्ल्यांखेरीज थेट हवेतूनही श्वास घेतात, त्यासाठी त्यांच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर वेगळी सोय असते. बेडूक फुप्फुसाने आणि ओल्या कातडीने श्वास घेतो. डासाची अळी शेपटाकडची नळी पाण्याबाहेर काढते. पाणनिवळ्या पाण्यावरून पळतात आणि अंगावरच्या बारीक छिद्रांतून, म्हणजे श्वासरंध्रांतून, सरळ हवाच घेतात.

म्हणजे कटला-रोहू मेलेत, पण मरळ फिरतेय, काठावर बेडूक आहेत, निवळ्या पळताहेत, तर पाण्यातला ऑक्सिजन संपलाय. हवा घेणारे जगले, पाण्यातून घेणारे गेले. त्यातही आधी मोठे मासे जातात आणि बोटुकली जगते. चंदेरा (सिल्व्हर कार्प) आणि कटला लवकर जातात, सायप्रिनस (कॉमन कार्प) जास्त वेळ तग धरतो. मेलेल्या माशांची तोंडं वासलेली आणि कल्ल्यांची झाकणं फाकलेली दिसतात.

कीटकनाशकाचं चित्र वेगळं असतं. ते पहाटेची वाट बघत नाही, भर दुपारीही मासे मारतं. मासे गोल फिरतात, झटके देतात. बहुधा लहान मासे आधी जातात. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे निवळ्या, पाणकिडे, डासांच्या अळ्याही मेलेल्या असतात, कारण ते औषध किड्यांसाठीच बनवलेलं असतं. असं दिसलं तर वरच्या अंगाला कुणी फवारणी केली होती का, त्यानंतर पाऊस होऊन पाणी तळ्यात उतरलं का, हे पाहा. स्वच्छ बाटलीत पाणी भरा, नुकताच मेलेला मासा बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयाला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवा. कुणाचं नाव घ्यायचं ते त्यानंतर.

पहाटच का?

शाळेत आपण घोकलेलं असतं: झाडं दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्री कार्बन डायऑक्साइड. यातला पहिला भाग अर्धवट आहे आणि तळं बुडतं ते त्या अर्धवटपणामुळे. वनस्पती श्वसन दिवसाही करतात आणि रात्रीही, चोवीस तास. दिवसा उन्हात त्या अन्नही तयार करतात आणि त्यात ऑक्सिजन इतका निघतो की स्वतःचा खर्च भागवून वर उरतो. रात्री कमाई बंद होते, खर्च मात्र चालूच राहतो. 1779 साली यान इंगनहाउस यांनी पाणवनस्पतींवर हेच दाखवलं होतं: उन्हात पानांवर बुडबुडे येतात, अंधारात ते थांबतात आणि उलट भोवतालची हवा बिघडते. पिंपळ रात्री ऑक्सिजन देतो असं अजूनही ठासून सांगितलं जातं. पिंपळाबद्दलचा आदर आपल्या जागी, पण उजेडाशिवाय कुठलंच झाड ऑक्सिजन बनवत नाही.

तळ्यातली झाडं म्हणजे ते हिरवं पाणी. एकेका थेंबात शेवाळाच्या असंख्य पेशी असतात, त्यांनाच वनस्पती प्लवंग म्हणतात. दुपारी दोन ते चारच्या दरम्यान तळ्यात ऑक्सिजन सर्वांत जास्त असतो. पाणी गर्द हिरवं असेल तर 12 मिलिग्रॅमच्याही वर जातो. सूर्य मावळला की उतरण सुरू होते, आणि पुन्हा सूर्य उगवण्याच्या अगदी आधी तळ गाठला जातो. म्हणून पहाट.

इथे श्वासोच्छ्वास आणि श्वसन यांतला फरक लक्षात घ्यायला हवा, कारण तो समजला नाही तर उपायही चुकतो. श्वासोच्छ्वास म्हणजे हवा आत-बाहेर करणं, कल्ले हलणं, छाती भरणं. श्वसन पेशीत चालतं: साखरेचं विघटन करून ऊर्जा काढायची. ऑक्सिजन असेल तर साखरेच्या एका रेणूमागे ऑक्सिजनचे सहा रेणू खर्च होतात आणि ऊर्जेच्या चलनात, म्हणजे एटीपीमध्ये, तीसच्या आसपास कमाई होते (शाळेच्या पुस्तकात 38 लिहिलेलं असतं). हे ऑक्सिश्वसन. शेवाळाला कल्ले नाहीत, फुप्फुस नाही, तरी ते श्वसन करतं. तळातल्या गाळातले जिवाणूही करतात. सगळे त्याच साठ्यातून घेतात.

साठा किती असतो ते मोजू. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना 2016 साली आली तेव्हा तिच्यातलं मोठ्यात मोठं तळं 30 बाय 30 बाय 3 मीटरचं होतं. उतार धरून त्यात सुमारे 2,196 घनमीटर, म्हणजे जवळपास 22 लाख लिटर पाणी मावतं. लिटरला साडेसात मिलिग्रॅम धरले तर संपूर्ण तळ्यातला ऑक्सिजन होतो साडेसोळा किलो. एवढ्या मोठ्या तळ्यात फक्त साडेसोळा किलो! मी पहिल्यांदा हा गुणाकार केला तेव्हा तीनदा तपासून पाहिला.

आता खर्च. तळ्यात 500 किलो मासा आहे असं धरा. गरम पाण्यात किलोभर मासा तासाला साधारण 200 ते 300 मिलिग्रॅम ऑक्सिजन घेतो. 250 धरले तर 500 किलोला तासाला सव्वाशे ग्रॅम, बारा तासांच्या रात्रीला दीड किलो. साडेसोळातले दीड! मग बाकीचा जातो कुठे? हिरव्या पाण्यात आणि गाळात. मासे मरतात ते बहुधा माशांच्या गर्दीने मरत नाहीत. न खाल्लेलं खाद्य, जास्तीचं शेण, त्यावर माजलेलं शेवाळ आणि ते सगळं कुजवणारे जिवाणू, यांच्या रात्रीच्या श्वसनाने मरतात. मासे कमी सोडले तरी दरवर्षी तेच का होतं, याचं उत्तर इथे आहे.

गाळाबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. तळाशी ऑक्सिजन पोहोचत नाही तिथेही जीव असतात, ते ऑक्सिजनशिवायचं, म्हणजे विनॉक्सिश्वसन करतात. गोबरगॅसच्या बंद टाकीत जे चालतं त्याचंच भावंड. गाळ पायाने ढवळला की बुडबुडे येतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइड वायू माशाला विषारी असतो. म्हणूनच फूट व्हॉल्व्ह तळाशी ठेवू नका असं वर लिहिलंय. घाबरून तळाचं पाणी वर आणलं तर वाचलेले मासेही जातात.

माशाच्या स्नायूलाही थोडा वेळ ऑक्सिजनशिवाय काम करता येतं. साखर अर्धवट फुटते, एका रेणूमागे तीसऐवजी फक्त दोन एटीपी मिळतात आणि लॅक्टिक आम्ल साचत जातं. आपण धावत सुटलो की आपल्या पायांत होतं तेच. गोल्डफिश आणि तिचे जवळचे भाईबंद या आम्लाच्या जागी अल्कोहोल बनवून ते कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात आणि थंड पाण्यात ऑक्सिजनशिवाय बराच काळ काढतात. कटला-रोहूला ही सोय नाही. पहाटे वाचलेला मासा दिवसभर ते आम्ल निस्तरत असतो, त्या दिवशी जाळं ओढलं तर तो जाळ्यातच मरतो.

कोणत्या दिवशी रात्र जागायची

रोज जागणं शक्य नाही, गरजही नाही. आषाढ-श्रावणात दोन-तीन दिवस सलग झाकोळ असला की तिसरी रात्र धोक्याची. ऊन नसल्याने दिवसाची कमाई कमी होते, प्रत्येक संध्याकाळची सुरुवात आदल्या दिवसापेक्षा खालून होते आणि रात्रीचा खर्च तेवढाच राहतो. आमच्याकडे दोन्ही वेळा असंच झालं होतं.

वळवाचा पाऊस ही दुसरी वेळ. मे महिन्यात वरचं पाणी तापून हलकं झालेलं असतं, ते तळाच्या पाण्यात मिसळत नाही. त्यावर गार पाऊस जोरात पडला की वरचं पाणी थंड, जड होऊन खाली बसतं आणि तळाचं बिनऑक्सिजनचं पाणी वर येतं. इथे पहाटेपर्यंत थांबावं लागत नाही, पाऊस उघडल्यावर तासा-दोन तासांतही मासे वर येतात.

तिसरी खूण पाण्याच्या रंगाची. काल गर्द हिरवं असलेलं पाणी आज तपकिरी किंवा राखाडी झालं, वर फेस आला, तर शेवाळ एकदम मेलंय. आता कमावणारं कुणी नाही आणि कुजणाऱ्या शेवाळावर जिवाणूंचं श्वसन जोरात चाललंय. हा सगळ्यात वाईट प्रकार, कारण दिवसाही ऑक्सिजन भरून येत नाही. दोन-तीन दिवस सलग पाणी खेळवावं लागतं, आणि शक्य असेल तर थोडं पाणी पिकाला देऊन नवं भरावं.

ऑक्टोबरच्या उन्हाचंही बघा. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की जिवांचं श्वसन साधारण दुप्पट होतं. आवक घटते आणि खर्च वाढतो, दोन्ही एकदम.

चुकीचे उपाय

शेवाळ मारायला मोरचूद टाकणारे पुष्कळ आहेत. एकदम सगळं शेवाळ मेलं की वर सांगितलेला तिसरा प्रकार आपणच ओढवून घेतो. लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, टाकून तळ्याचा ऑक्सिजन भरून निघत नाही. दुकानात ऑक्सिजनच्या गोळ्या मिळतात, त्या कोपऱ्यापुरता तासाभराचा आधार देतात. मोटर येईपर्यंत त्या हाताशी ठेवायला हरकत नाही, पण 22 लाख लिटरचा भरवसा त्यांच्यावर ठेवू नका. मासे वर आल्यावर भुकेले आहेत असं समजून खाद्य टाकणं ही सर्रास होणारी चूक. खाल्लेलं पचवायला माशाला जास्त ऑक्सिजन लागतो आणि उरलेलं सडून आणखी खातं.

आदल्या संध्याकाळीच ओळखायचं कसं

यासाठी खर्च करायचाच असेल तर ऑक्सिजन तपासायच्या किटवर करा. मीटर महाग असतो, थेंब टाकून रंग बघायचं किट स्वस्त पडतं. संध्याकाळी सहाला मोजा आणि पुन्हा नऊला मोजा. समजा सहाला 9 मिलिग्रॅम होता आणि नऊला 7.2. तीन तासांत 1.8 उतरला, म्हणजे तासाला 0.6. याच वेगाने पहाटे सहाला 1.8 उरणार. 7.2 वरून 4 वर यायला पाच तासांपेक्षा थोडं जास्त लागतं, म्हणजे रात्री दोनला मोटर सुरू करायची. रात्रभर कुणी काठावर बसायची गरज नाही, एकाने दोनचा गजर लावला की झालं. हिशोब अगदी बिनचूक येत नाही, पण पाऊण-एक तासाच्या आत येतो आणि तेवढं पुरतं.

किट नसेल तर हात. भर उन्हात हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. तळवा पुसट दिसला तर पाणी बरं आहे. मनगटाच्या थोडं वरपर्यंतही पाणी गेलं नाही तोच तळवा दिसेनासा झाला, तर शेवाळ फार झालंय. काळ्या-पांढऱ्या थाळीने मोजणारे, थाळी 30 ते 40 सेंटिमीटर खोलीवर दिसेनाशी झाली तर चांगलं मानतात, 20 च्या आतच झाली तर धोका. फार झालं असेल तर शेण आणि खत त्या दिवसापासून बंद, खाद्य निम्म्यावर, आणि पाण्याचा काही भाग बदला.

कायमचं बदलायचं ते खाद्याच्या वेळेत आणि मापात. आम्ही पूर्वी संध्याकाळी पाचला पेंड-कोंडा टाकायचो, कारण शेतातून येताना ते सोयीचं पडायचं. म्हणजे रात्रीच्या तोंडावर माशांचा खर्च वाढवायचो. आता सकाळी दहानंतर टाकतो, तेही ट्रेमध्ये. ट्रे दोन तासांनी उचलून पाहतो. उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी. झाकोळ असेल त्या दिवशी अजिबात नाही. एक दिवस उपाशी राहून मासा मरत नाही.

लाईटचं गणित वेगळं मांडावं लागतं. शेतीच्या फीडरला थ्री-फेज कधी दिवसा, कधी रात्री. ज्या आठवड्यात ती रात्री नसेल त्या आठवड्यात डिझेल इंजिनात तेल भरलेलं आहे ना, पट्टा ठीक आहे ना, हे संध्याकाळीच पाहून ठेवा. पॅडल व्हीलचा एअरेटर, म्हणजे चाकाने पाणी उडवून त्यात हवा मिसळणारं यंत्र, घेणं परवडत असेल तर जरूर घ्या, पण तोही बहुधा विजेवरच चालतो.

दोन-तीन हंगामांनी तळं रिकामं झालं की गाळ काढा. हे काम सगळे पुढे ढकलतात, आम्हीही ढकललं होतं. अस्तराच्या कागदावर फावडं चालवता येत नाही, घमेली आणि रबराची फळी लागते, चार माणसांचे दोन दिवस जातात. तो गाळ शेतात टाका, पीक चांगलं येतं.

आणि मासे मेलेच असतील तर ते दुपारच्या आत बाहेर काढा. तिथेच कुजू दिले तर दुसऱ्या पहाटे उरलेलेही जातील. खड्ड्यात चुना टाकून पुरा. वाचलेल्यांना त्या दिवशी खाद्य नाही, जाळं नाही, आणि पुढच्या दोन रात्री मोटर दोन वाजल्यापासून. मासे सकाळी आठला खाली गेले, शेपटीचा फटकारा मारून पाणी कापत खाली गेले, की त्या दिवसापुरतं संकट टळलं असं समजा.